जुन्या जेसीबीचा वॉल कसा ओळखावा

पहिली पायरी सगळ्यात सोपी आहे. जुना जेसीबी विकत घेऊ नका. ही पायरी ज्यांना जमली त्यांनी इथंच वाचणं थांबवावं आणि सुखानं झोपावं.

पुढचं सगळं ज्यांना ती जमली नाही त्यांच्यासाठी. अशी माणसं कमी नाहीत. उसाचं बिल खात्यात पडलेलं असतं, पोरीच्या लग्नाला अजून दोन वर्षं असतात आणि टपरीवर कुणीतरी म्हणतं, "तासाला हजाराच्या वर भाडं हाय, बसल्या जागी." यातला 'बसल्या जागी' एवढा भाग खरा निघतो. गाडी बसल्या जागीच असते.

गाडी बघायला जाताना जाणकार माणूस बरोबर न्यावा म्हणतात. मी आबांना, म्हणजे चुलत्यांना, नेलं. आबांनी उभी हयात विहिरीवर ऑइल इंजिनं चालवली. ते इंजिनापाशीच रमले. धूर बघितला, डिपस्टिकचं तेल बोटांवर चोळलं, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "मशीन खणखणीत हाय." होतंच, आजही आहे. पण जेसीबीत इंजिनाचं काम गाडी हलवणं आणि पंप फिरवणं एवढंच. माती उकरतं ते तेल, आणि तेलाकडं आम्ही दोघांनीही ढुंकून पाहिलं नाही. विकणारा म्हणाला, "हायड्रॉलिक सगळं ओके." जुन्या गाड्यांच्या बाजारात ओके म्हणजे तुम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत चालेल.

दुसरी पायरी: गाडीची कंपनी शोधा, म्हणजे माहितीपुस्तक शोधता येईल.

आपल्याकडं पुढं सूप आणि मागं सोंड असलेलं कुठलंही पिवळं यंत्र जेसीबीच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या गृहस्थानं १९४५ साली इंग्लंडातल्या युटॉक्सिटर गावी एका भाड्याच्या गॅरेजात ट्रेलर बनवायला घेतला, १९५३ च्या सुमारास पुढं लोडर आणि मागं खोदणारा हात असं जोडयंत्र काढलं, आणि १९७९ पासून ही यंत्रं हरियाणातल्या बल्लभगडला बनू लागली. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं आपल्या भाषेत डालडा आणि झेरॉक्सच्या पंगतीला येऊन बसली. महिंद्राची गाडी आली तरी गावात "महिंद्राचा जेसीबी आला" असंच म्हणतात. तेव्हा मी जेसीबी म्हणतोय म्हणून कंपनीबद्दल काही समजू नका. माझ्या गाडीवर कंपनीचं नाव उरलेलंच नाही. दाराजवळ नखानं खरवडलं तेव्हा पिवळ्याखाली दुसरा पिवळा, त्याखाली केशरी, त्याखाली लांबी आणि शेवटी 'आईचा आशीर्वाद' एवढंच निघालं. नंबरप्लेटच्या जागी चार रिव्हेटची भोकं. पुस्तकाचा विषय तिथंच संपला.

त्यात मागच्या मालकांनी जिथं जे मिळेल ते बसवलेलं. एक वॉल एका गाडीचा, दुसरा दुसरीचा, पंप तिसरीचाच. (शुद्ध शब्द व्हॉल्व्ह. पण गॅरेजात व्हॉल्व्ह म्हटलं की किंमत वाढते, म्हणून मीही वॉलच म्हणतो.) अशा गाडीचं पुस्तक मिळालं असतं तरी ते दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपलं भविष्य बघण्यासारखं झालं असतं.

तिसरी पायरी: घाबरा. मग थोडं कमी घाबरा.

ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा उचलला की ओतीव लोखंडाचा एक ठोकळा दिसतो. त्याला इतक्या नळ्या चिकटलेल्या असतात की आत हात घालायला जागा नाही, आणि सगळ्यावर ग्रीस, माती आणि कधीकाळच्या उसाच्या पाचटाचा लेप. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पहिल्यांदा पत्रा उचलला तेव्हा मी तो परत ठेवला, भोवती एक फेरी मारली आणि चहा घेतला. नवशिक्यानं ही कृती जशीच्या तशी करावी, तिनं काही बिघडत नाही.

माझी वाट लागली ती आबांच्या एका प्रश्नानं. लागली म्हणजे सापडली. आबांनी डोकावून बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठनं येतंय आन् कुठं जातंय?"

हेच. लोखंड बघायचं नाही, पाणी बघायचं. आमचं गाव सीना नदीच्या काठी. कालव्याचं पाणी कुणाच्या चारीला कधी येतं, कुणाचं दार रात्री कोण उघडतं, टेलएंडच्या माणसाला का मिळत नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. ज्याला पाटपाणी कळतं त्याला जेसीबीचं हायड्रॉलिक आधीच पाऊण येतं, फक्त त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तेलाची टाकी हे धरण. पंप तिथून तेल उचलून कालव्यात ढकलतो. वॉलचा ठोकळा म्हणजे कालव्यावर ओळीनं बसवलेली दारं, एका दांड्याला एक दार. दांडा मधोमध असला की सगळी दारं बंद आणि तेल आपलं कालव्यानं सरळ वाहत, फिल्टरमधून गाळून, परत धरणात. कुठलाही दांडा ओढा, सरळ जायची वाट अडते, तेल त्या चारीत शिरतं आणि सिलेंडरच्या एका टोकाला जाऊन दट्ट्या ढकलतं. दुसऱ्या टोकाचं तेल दुसऱ्या नळीनं माघारी येतं. म्हणून दर दांड्यामागं दोन नळ्या: एक जाणारी, एक येणारी. दांडा उलटा केला की त्यांच्या भूमिका बदलतात.

माझ्या गाडीत कालवा आधी पुढच्या लोडरच्या वॉलमधून जातो, मग मागच्या सोंडेच्या. त्यामुळं लोडरचा दांडा पूर्ण ओढून धरला की सोंड मरगळते. पहिल्या दिवशी मला वाटलं मागचा वॉल गेला. गेला नव्हता, तो टेलएंडला होता. वरच्यानं दार उघडल्यावर खालच्यानं आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो, हे आमच्या गावात नव्यानं सांगायला लागत नाही.

चौथी पायरी: गाडी धुवा. रॉकेल, ब्रश, मग पाणी. ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली आणि आठवडा घालवला.

पाचव्या पायरीला शाळेची दोनशे पानी वही, खडू आणि लाल, पिवळी, निळी चिकटपट्टी लागते. हे रंग मी मुद्दाम घेतले. थ्री फेजच्या मोटारीमुळं आपल्याकडं ते कुणालाही तोंडपाठ असतात. आता धरणापासून निघा. टाकीतून पंपाकडं जाणारी नळी सगळ्यात जाड आणि मऊ असते, साध्या क्लिपनं आवळलेली. ती फक्त ओढते, तिच्यात दाब नसतो. तिथल्या क्लिपा ढिल्या असतील तर तेल गळायच्या आधी हवा आत शिरते आणि टाकीत तेलाचं ताक होतं. पंपातून वॉलकडं निघते ती नळी बारीक, कडक, आत पोलादी तारांची वीण असलेली, टोकं मशीनवर दाबून बसवलेली. हा मुख्य कालवा, याला लाल पट्टी. वॉलमधून फिल्टरकडं आणि टाकीकडं परतणाऱ्या नळीला निळी. उरलेल्या जोड्या त्या चाऱ्या, त्यांना पिवळी, आणि पट्टीवर पेनानं आकडा.

आता दांडे. बकेट आणि सोंड जमिनीला टेकलेली, जॅक खाली, आसपास पोरंटोरं आणि कुत्री नाहीत, इंजिन अगदी मंद. एक दांडा दोन बोटांनी केसभर हलवा आणि काय हललं ते लिहा. मग उलट दिशेला. माझी वही अशी: दांडा १ मागं, सोंड वर. दांडा २ पुढं, डिपर (सोंडेचा पुढचा हात) बाहेर. दांडा ३, बकेट. दांडा ४, सोंड डावीकडं फिरते, बारक्याची सायकल आडवी. दांडा ५, उजवा जॅक. दांडा ६, डावा जॅक, पण उलटा.

बारक्या म्हणजे आमचा हेल्पर. सायकलीची नोंद त्याच्या आग्रहानं केली आहे.

डाव्या जॅकचं काय झालं होतं ते वहीमुळंच कळलं. कुणीतरी नळी बदलताना दोन टोकांची अदलाबदल केली होती, त्यामुळं उजवा जॅक दांडा पुढं केला की खाली जायचा आणि डावा मागं केला की. आमचा ऑपरेटर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मालक, सवय झालीय." सवय त्याला झाली होती, उद्या बसणाऱ्याला नव्हती. उतारावर गाडी जॅकवर उभी असताना उलटा दांडा म्हणजे गाडी आडवी. 'सवय झालीय' हे ऐकून घेऊ नका, नळ्या सरळ करा. पंधरा मिनिटांचं काम आहे. आम्हाला दोन तास लागले.

आता उरला दांडा ७. तो हलवला की काहीच हलत नव्हतं. फक्त इंजिनाचा आवाज जड व्हायचा आणि ठोकळ्यातून कुंईं असा आवाज यायचा. त्या आवाजाची ओळख करून घ्या. तेलाला वाट नाही आणि पंप ढकलतोच आहे, तेव्हा ते सांडव्यावरून पडतं. सांडवा म्हणजे मेन रिलीफ वॉल, स्प्रिंगवर बसलेला. धरण फुटू नये म्हणून ठरावीक दाबाला तो उघडतो आणि तेल टाकीत सोडतो. सिलेंडर पूर्ण लांब होऊन थांबला तरी हाच आवाज येतो, तो दोष नव्हे. पण ऑपरेटर दांडा धरून मोबाईलवर बोलत बसला तर तेल तापून पातळ होतं. तो दोष आहे, वॉलचा नसला तरी.

हा दाब किती असतो? अशा गाड्यांत साधारण २०० बारच्या घरात. मोटारीच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते, त्याच्या शंभरपट. सिलेंडरचा आतला व्यास १० सेंटिमीटर धरा. दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, त्यावर २०० बार, म्हणजे जवळजवळ सोळा टनांचा धक्का. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलं. त्यावर जोसेफ ब्रामानं १७९५ साली इंग्लंडात दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती दट्ट्याच्या कडेनं होणारी गळती. ती त्याच्याकडं काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेच्या चामड्याच्या वाटीनं थांबली: दाब वाढला की वाटीची कड फुगून भिंतीला जास्तच घट्ट बसायची. हे मी आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी सायकलच्या पंपाचा वायसर." मग हापशातल्या चामड्याच्या वायसरचीही आठवण निघाली. म्हणजे सील किट मूळचं चांभाराकडचंच.

इथं गंमत थोडी बाजूला ठेवतो. नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं आणि आत दाब असला तर बाहेर येणारी धार डोळ्यांना दिसत नाही. गळती कुठं आहे ते हात फिरवून कधीही शोधू नका. ती धार कातडीतून आत शिरते. वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फार दुखतही नाही, आणि आत तेल पसरून मांस मरायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला शस्त्रक्रिया करणाऱ्या दवाखान्यात जायचं आणि "हायड्रॉलिक तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला खोक्याचा पुठ्ठा वापरा, पुठ्ठा भिजेल. कुठलीही नळी सोडण्याआधी सगळी अवजारं जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मग सगळे दांडे सगळ्या दिशांना हलवून अडकलेला दाब मोकळा करा. लोडरचा हात वर असताना, खाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय त्याच्याखाली डोकं घालू नका. नुसत्या तेलाच्या भरवशावर तर अजिबात नको, कारण ते तेल कुठं जातं हे मला एकदा चारचौघांत बघायला मिळालं.

ग्रामपंचायतीचा निकाल होता. आपल्याकडं आता माणूस निवडून आला की गुलाल हातानं उधळत नाहीत, जेसीबीतून ओततात. आमच्या गाडीची बकेट झेंडूच्या पाकळ्यांनी आणि गुलालानं भरली, हात पूर्ण वर नेला, ऑपरेटरनं दांडा सोडला आणि भाषण सुरू झालं. ते लांबलं. आणि कुणी हात न लावता लोडरचा हात हळूहळू, वाकून नमस्कार करावा तसा, खाली यायला लागला. लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. टाळ्या पडल्या. सरपंचाच्या फेट्यापासून वीतभर अंतरावर ऑपरेटरचं लक्ष गेलं. खाली आणखी कुणी नव्हतं, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचा एक मेस्त्री आला. बघताक्षणी म्हणाला, "सिलेंडरचं सील गेलंय." दोन्ही लिफ्ट सिलेंडर उघडले, सील किट बदललं, पैसे घेतले. हात खाली यायचा तसाच येत राहिला. मेस्त्री म्हणाला, किट डुप्लिकेट लागलं. पुन्हा बदललं. पुन्हा नमस्कार.

सहावी पायरी इथं येते आणि ती वहीत लाल शाईनं लिहून घ्या: पाना हातात घ्यायच्या आधी तेलाला विचारा, बाबा, तू जातोस कुठं?

दांडा मध्यावर असताना सिलेंडरच्या दोन्ही नळ्या वॉलमध्ये बंद असतात. समजा दट्ट्याचं सील फाटकं आहे. तर खालचं तेल दट्ट्याच्या कडेनं वरच्या बाजूला जाईल, बरोबर. पण लोडरचा हात खाली येतो तेव्हा सिलेंडरचा दांडा आत शिरत असतो. त्या जाड पोलादी दांड्याला आत जागा पाहिजे आणि तेल काही दबून लहान होत नाही. बाहेर पडायला वाट नसेल तर हात थोडा बसेल आणि अडकून राहील. तो थेट जमिनीपर्यंत येत असेल तर तेल सिलेंडर सोडून कुठंतरी जातंय. नळी कोरडी असेल तर ते वॉलमधूनच जातंय. एवढा विचार दहावीचं पोरगं करू शकतं. आम्ही तिघं मोठी माणसं दोन किट बदलेपर्यंत थांबलो.

आणखी एक लक्षण इथंच सांगून टाकतो. हात वर उचलायला दांडा ओढला की तो आधी टचकन खाली बसतो आणि मग वर जातो, असं कधीकधी होतं. त्याचं कारण वेगळं. प्रत्येक दारामागं एक फूटवॉल असतो. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाशी असतो, त्याच कामाचा. पंपाचा दाब पुरेसा चढेपर्यंत वजनानं तेल मागं फिरू नये म्हणून. त्याखाली कचरा अडकला की हात बुडी मारतो. आणि सगळीच कामं मंद झाली असतील तर एकेका दाराशी भांडू नका, धरणाकडं, गाळणीकडं, पंपाकडं आणि सांडव्याकडं बघा. एकच काम मंद असेल तर त्याच चारीत शोधा. वॉल ओळखण्याच्या विद्येचा निम्मा भाग या दोन वाक्यांत आला.

आता मी केलेली चूक. पंप आणि मोठा ठोकळा यांच्यामध्ये मुठीएवढा एक लोखंडी गड्डा होता. त्याला दांडा नाही, काही नाही. ज्याला दांडा नाही तो वॉल फालतू, असा माझा सिद्धांत होता. मी त्याचं टोपण उघडून बघितलं, आतून स्प्रिंग निघाली, खाली काय आहे ते बघितलं, टोपण लावलं. संध्याकाळी ऑपरेटर गाडी फाटकातून वळवायला लागला तर स्टेअरिंग जागचं हलेना. तो आणि बारक्या असे दोघं लोंबकळले तेव्हा कुठं वळलं. स्प्रिंग माझ्या खिशात होती. तो गड्डा म्हणजे प्रायॉरिटी वॉल. कालव्याला पाणी कितीही कमी असो, पिण्याच्या पाण्याचं आरक्षण आधी काढून ठेवायचं आणि मग शेतीला सोडायचं, तसं स्टेअरिंगचं तेल आधी बाजूला काढणारा. त्या गड्ड्यातून निघणारी बारीक नळी कुठं जाते ते मी वहीत लिहिलं असतं तर कळलं असतं. वहीत त्या पानावर फक्त 'गड्डा' असं लिहिलं होतं आणि प्रश्नचिन्ह.

सातवी पायरी, वॉल उघडणं. खरं तर उघडू नका. उघडणारच असाल तर धूळ नसलेल्या जागी, आणि आधी मोबाईलवर फोटो काढून. ठोकळ्यातून स्पूल बाहेर येतो: बोटाएवढा जाड, आरशासारखा गुळगुळीत, मध्ये मध्ये खाचा असलेला पोलादी दांडा. तो आणि त्याचं भोक यांच्यात केसाच्या जाडीच्या काही अंशाएवढीच फट असते. ती जोडी कारखान्यात जमवलेली असते, लग्नासारखी. शेजारच्या भोकात तो बसतो, पण नांदत नाही. म्हणून एका वेळी एकच स्पूल काढा. सुती चिंधीनं पुसू नका, धागा आत राहतो. निघालेली प्रत्येक वस्तू ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं ताटात मांडा. ताट घरातलं असेल तर आधी विचारून घ्या. आमच्या घरी स्टीलचं एक ताट आजही गोठ्यातच जेवतं.

आणि लॉकनट असलेला स्क्रू दिसला की हात मागं बांधून उभे राहा. तो रिलीफचा. "जरा आवळलं की ताकद वाढते" हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं आणि ते खरंही आहे, सांडव्याची उंची वाढवली की धरणात पाणी जास्त मावतं. मग कुठली तरी नळी फुटते किंवा पंपाचं पोट. गेज लावल्याशिवाय त्याला पाव फेरासुद्धा द्यायचा नाही.

आमचा वॉल शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं ओळखला. त्यांनी गाडी सुरू करायला लावली नाही. वही मागितली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, सायकलीपाशी हसले. मग ठोकळ्याच्या बाजूचे दोन छोटे रिलीफ दाखवले, एक लिफ्टच्या चारीचा आणि एक बकेटच्या. दगडाचा धक्का बसला की ते त्या त्या चारीपुरते उघडतात. दोन्हींवर कोरलेला आकडा एकच. "पाव्हणं, यांची अदलाबदल करा आन् उद्या सांगा." हात जमिनीवर टेकवून, दाब सोडून आम्ही ते बदलले. दुसऱ्या दिवशी हात जिथल्या तिथं उभा राहिला आणि बकेट आपसूक उलटायला लागली. रोग नळीत नव्हता, स्पूलमध्ये नव्हता. रिलीफबरोबर तो घर बदलून गेला होता. उघडला तर आतल्या बसणीवर कुठल्यातरी जुन्या नळीच्या रबराचा ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा. मेस्त्रींनी तो चिमट्यानं काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो घ्या तुमचा वॉल."

त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. आधीच्या दोन सील किटांची पावती अजून वहीत आहे.

सातव्या दांड्याचं राहिलं. त्याच्या नळीमागं जात जात मी सोंडेच्या टोकापर्यंत पोचलो. डिपरच्या कडेला ती कापलेली होती आणि टोकाला डमी मारलेली. आधीच्या कुणा मालकानं खडक फोडायला ब्रेकर लावला असणार, ब्रेकर विकला, दांडा राहिला. दुसरी नळी वॉलला टाळून थेट टाकीत जात होती, हाच त्याचा पुरावा. दांड्याला आम्ही तारेनं मध्यावर बांधून टाकलंय. आता बारक्या त्याला जेवणाची पिशवी अडकवतो.